जिन्यात फूकोचा लंबक: साताऱ्यात तासाला किती अंश फिरायला हवा?

गोडोलीकर: पृथ्वी स्वतःभोवती फिरते हे नववीच्या मुलांना पाठ आहे, पण पायाखालची जमीन त्यांच्यासाठी स्थिरच असते. म्हणून फूकोचा लंबक लावायचा आहे: लांब तारेला टांगलेला जड गोळा, ज्याच्या झोक्याची दिशा पृथ्वी फिरते म्हणून हळूहळू बदलताना दिसते. शाळेच्या जिन्याच्या मधल्या मोकळ्या जागेत 6 मीटर उंची मिळते. गोळाफेकीचा 5 किलोचा गोळा आहे. साताऱ्यात झोक्याची दिशा किती वेगाने बदलायला हवी? पंख्याच्या हुकाला ब्रेकची केबल बांधून चालेल का?

अक्षांश_17: सर, आधी हिशोब. ध्रुवावर झोक्याची दिशा एका दिवसात पूर्ण वर्तुळ फिरते, विषुववृत्तावर अजिबात फिरत नाही. मधे कुठेही तासाला 15 अंश गुणिले अक्षांशाची साइन. सातारा 17.7 अंशांवर, साइन 0.304. म्हणजे तासाला साधारण 4.6 अंश, वरून पाहता घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने. पूर्ण फेरीला सुमारे 79 तास लागतील, पॅरिसला 32 लागतात. जमिनीवर 50 सेंटिमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढलंत तर त्यावर 15 मिनिटांत 1 सेंटिमीटर सरकेल.

5 किलो पुरे. फ्रेंच शास्त्रज्ञ फूकोने जानेवारी 1851 मध्ये तळघरात पहिला प्रयोग केला तो 5 किलोचा गोळा आणि 2 मीटर तार घेऊनच. पॅरिसच्या पॅन्थिऑन या इमारतीतला 67 मीटरचा, 28 किलोचा लंबक नंतरचा.

कुपवाड_लेथ: हूक नको, केबलही नको. हुकात तार एका दिशेला सहज झुलते, दुसरीकडे अडते. केबल पिळाची असते, पीळ सुटताना गोळा गरगरतो. 0.8 मिलिमीटरची एकेरी पियानो वायर (कडक पोलादी तार) घ्या. वर ड्रिलचा चक (ड्रिलचं पातं पकडणारा जबडा) उलटा, तोंड खाली करून जाड लोखंडी प्लेटला बसवा आणि प्लेट स्लॅबला चार अँकर बोल्टने आवळा. चक तीन बाजूंनी सारखा धरतो, म्हणून तोच हवा. गोळ्याला भोक लेथवरच पाडा, बरोबर मध्यातून. गोळा आधी हलवून पाहा, आत काही खुळखुळत असेल तर दुसरा आणा. वाकून वाकून तार चकच्या तोंडाशी तुटू शकते, तेव्हा खाली वाळूचा ट्रे ठेवा आणि मुलांना दोन मीटर लांब उभं करा.

अक्षांश_17: खरा शत्रू लंबवर्तुळ. गोळा सरळ रेषेत न जाता किंचित अंड्याच्या आकारात फिरू लागला की पृथ्वीचा काही संबंध नसतानाही दिशा सरकते. 6 मीटर तार, 50 सेंटिमीटर झोका आणि मध्यापासून फक्त 1 सेंटिमीटर बाजूला सरकणं, एवढ्यानं तासाला जवळपास 14 अंशांची खोटी गती येते, म्हणजे पृथ्वीमुळे येणाऱ्या गतीच्या तिप्पट! ती गोळा ज्या बाजूने वळतो त्याच बाजूला येते, म्हणून कधी उलटीही दिसते.

त्यासाठी गोळा हाताने सोडूच नका. भोवती दोऱ्याचा फास घालून 50 सेंटिमीटर बाजूला बांधा, खिडक्या-दारं बंद करा, गोळा पूर्ण निवांत होईपर्यंत दहा-पंधरा मिनिटं थांबा, मग दोरा काडीने जाळा. शिवाय चकच्या खाली 20 सेंटिमीटरवर 24 मिलिमीटर व्यासाची गुळगुळीत कडी बरोबर मध्यावर बसवा. झोक्याच्या टोकाला तार कडीला घासते आणि आडवी हालचाल मरते. ही युक्ती शारोंने 1931 मध्ये काढली. झोका 36 सेंटिमीटरच्या खाली गेला की कडी लागत नाही, तिथेच मोजणं थांबवा.

आणि एकदा उत्तर-दक्षिण, एकदा पूर्व-पश्चिम सोडून पाहा. दोन्हींचे आकडे वेगळे आले तर वरची पकड एका बाजूला ढिली आहे. ती दुरुस्त होईपर्यंत मुलांना "बघा, पृथ्वी फिरतेय" असं सांगू नये असं मला ठामपणे वाटतं. चुकीच्या कारणाने सरकलेला गोळा दाखवला तर पाठांतरच राहिलं.

मिरजेची_मॅडम: एक भर. लंबकातून दिसतं ते स्वतःभोवती फिरणं. सूर्याभोवतीचं फिरणं इंग्लिश खगोलशास्त्रज्ञ ब्रॅडलीने 1728 मध्ये ताऱ्यांच्या दिशेतल्या वार्षिक फरकावरून दाखवलं. मुलं हे दोन्ही एकच समजतात. आर्यभटाचा दाखलाही इथेच द्या: नावेतल्या माणसाला काठ मागे जाताना दिसतो, तसे तारे पश्चिमेला जाताना दिसतात. तो तर्क होता, लंबक हे मोजमाप.

गोडोलीकर: आभार. सांगलीच्या शाळेतही असाच लंबक लावून दोन्ही गावांचे आकडे ताडून पाहता येतील का?

अक्षांश_17: सांगलीला 4.4 येईल, फरक 0.2 अंशांचा. 6 मीटरच्या तारेवर तो चुकांत बुडून जाईल. त्यापेक्षा साताऱ्यातच दहा वेळा मोजा आणि सरासरी 4.6 च्या किती जवळ येते ते कळवा.