शस्त्रक्रियेची तारीख येईपर्यंत निळ्या पडणाऱ्या लेकीला घरी कसे सांभाळावे?

लातूरची आई

नमस्कार. माझी मुलगी 14 महिन्यांची आहे. इको (हृदयाची सोनोग्राफी) केल्यावर तिला टेट्रालॉजी ऑफ फॅलो हा जन्मजात हृदयविकार असल्याचे निदान झाले. शस्त्रक्रियेची तारीख मिळाली होती, परंतु ऐन वेळी सर्दी-ताप आल्यामुळे ती दोन महिने पुढे गेली. गेल्या मंगळवारी सकाळी दूध पिऊन झाल्यावर ती रडू लागली आणि रडता रडता तिचे ओठ व नखे जांभळी पडली, श्वास जोरजोरात चालू लागला आणि मग ती एकदम मलूल झाली. सासूबाईंना ती आकडी वाटली, म्हणून त्यांनी कांदा फोडून नाकाशी धरला, आणि मी तिला तशीच उचलून रिक्षासाठी रस्त्यावर धावले. दवाखान्यात पोहोचेपर्यंत ती सावरली होती. डॉक्टर याला ‘स्पेल’ म्हणाले, पण बाहेर इतकी गर्दी होती की पुन्हा असे झाले तर पहिल्या दोन-तीन मिनिटांत काय करायचे, हे विचारायचेच राहून गेले.

आता ती रडू नये म्हणून आम्ही सगळेच तिच्या भोवती श्वास रोखून वावरतो. तिचा सहा वर्षांचा भाऊ काल मला विचारत होता, “मी बाहुली ओढून घेतली म्हणून ती निळी झाली का?” त्याला काय सांगावे, तेही कृपया सुचवावे.

एक बाबा, नांदेड

ताई, माझ्या मुलाला हाच आजार होता आणि त्याची शस्त्रक्रिया होऊन आता चार वर्षे झाली आहेत. स्पेल आल्याबरोबर बाळाचे दोन्ही गुडघे दुमडून त्याच्या छातीशी घट्ट धरायचे. उताणे झोपवून तसे करता येते किंवा बाळाला छातीशी कवटाळून, त्याचे गुडघे आपल्या व त्याच्या छातीच्या मध्ये दाबूनही करता येते. धावताना पाय लोंबकळत राहिले तर हा उपयोग होत नाही. आम्हाला याचे कारण समजावून सांगण्यात आले होते आणि ते समजल्यावर हात आपोआप तसे वळू लागले. या आजारात फुप्फुसाकडे जाणारी वाट अरुंद असते, आणि स्पेलमध्ये ती आणखी आवळली जाऊन अशुद्ध रक्त हृदयातील छिद्रातून थेट शरीरात जाऊ लागते. गुडघे दाबून धरले की पायांकडे जाणाऱ्या रक्ताला अडथळा होतो, शरीराच्या बाजूचा दाब वाढतो आणि अधिक रक्त फुप्फुसाकडे वळते. माझा मुलगा चालायला लागल्यावर अंगणात खेळता खेळता मध्येच उकिडवा बसायचा. आम्हाला तो हट्ट वाटायचा, पण त्याच्या शरीराने तो उपाय स्वतःच शोधला होता.

कांदा, तोंडावर पाण्याचा शिपका, तोंडात पाणी घालणे यांपैकी काहीही करू नये. बाळ सावरत नसेल, शुद्ध हरपत असेल किंवा झटके येऊ लागले, तर गुडघे तसेच धरून 108 ला फोन करावा. स्पेल आपोआप थांबला, तरी त्याच दिवशी हृदयरोगतज्ज्ञांना कळवावे, कारण त्यावरून शस्त्रक्रिया लवकर करायची का, हे ते ठरवू शकतात.

निवृत्त परिचारिका

मी अनेक वर्षे बालहृदयरोग विभागात काम केले आहे. घरच्यांच्या नजरेतून हमखास सुटणारी गोष्ट म्हणजे रक्ताचा अहवाल. निळ्या पडणाऱ्या बाळाचे हिमोग्लोबिन 11 आले, तर प्रयोगशाळेच्या कागदावर ते व्यवस्थित दिसते, परंतु ऑक्सिजन कमी असलेल्या शरीराला अधिक हिमोग्लोबिनची गरज असते, त्यामुळे त्या बाळासाठी ते कमीच असू शकते. लोहाची कमतरता असेल तर स्पेल अधिक येतात. म्हणून पुढच्या भेटीत लोहाच्या औषधाबद्दल आवर्जून विचारा. जुलाब, उलट्या किंवा ताप असेल तर त्याच दिवशी दाखवा. अंगातील पाणी कमी होऊन रक्त घट्ट होणे या मुलांसाठी फार धोक्याचे असते. स्पेल टाळण्यासाठी दिले जाणारे प्रोप्रानोलॉल हे औषध चालू असेल आणि बाळ काही खात-पीत नसेल, तर पुढचा डोस देण्यापूर्वी डॉक्टरांना फोन करा.

रडण्याविषयी सांगायचे, तर भुकेने, झोपमोडीने किंवा शौचाला कुंथून होणारा त्रास जरूर टाळावा. पण चौदा महिन्यांचे मूल रडणारच, आणि त्यासाठी साऱ्या घराने गप्प होऊ नये. भावाला स्पष्ट शब्दांत सांगा की, बाळाच्या हृदयात हे जन्मापासूनच आहे आणि ते कोणाच्याही वागण्यामुळे झालेले नाही. हे एकदा सांगून भागत नाही. त्याने पुन्हा विचारले, तर पुन्हा तितक्याच शांतपणे सांगावे.

अंगणवाडी सेविका

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडे मुलीची नोंद झाली नसेल, तर तालुक्याच्या रुग्णालयात चौकशी करा. जन्मजात हृदयविकाराच्या शस्त्रक्रियेसाठी त्यांच्यामार्फत मदत मिळते. शिधापत्रिका, आधार आणि इकोचा मूळ अहवाल एकाच पिशवीत ठेवा.

लातूरची आई

आपणा सर्वांची मी मनापासून आभारी आहे. काल रात्री आम्ही मुलाच्या कापडी बाहुलीवर सराव केला. सासूबाईंनी तीन वेळा करून पाहिले आणि 108 हा आकडा स्वतःच्या हाताने दारामागे खडूने लिहिला. सोमवारी हिमोग्लोबिनचा कागद घेऊन दवाखान्यात जात आहोत.