निवृत्तीनंतर परदेशात डोंगरभटकंती: किती महिने राहता येईल?

प्रश्न: आम्ही दोघं निवृत्त, सोलापूरच्या ‘जुळे सोलापूर’ भागात राहतो. माँ ब्लाँ शिखराची पायी प्रदक्षिणा करून चार-पाच महिने आल्प्समध्येच राहायचं मनात आहे. जमेल?

उत्तर: काका, शेंगेन व्हिसावर (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं. प्रदक्षिणेची वाट सुमारे १७० किलोमीटरची, फ्रान्स, इटली, स्वित्झर्लंडमधून. तिन्ही देश शेंगेनमध्येच येतात. उरलेले महिने नेपाळला द्या, तिथं आपल्याला व्हिसा लागत नाही.

उत्तर: नेपाळ खरंच करा! आम्ही नवरा-बायको अन्नपूर्णा फेरी करून आलो. वाटेतली थोरांग ला खिंड ५४१६ मीटर उंच, घाई अजिबात नको. ३००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची रोज ५०० मीटरहून जास्त वाढवू नका, उंचीची सवय व्हायला वाटेतल्या मनांग गावी एक दिवस जास्त थांबाच. हिनं कडक भाकरी आणि शेंगा चटणी नेली होती, त्या थंडीत काय चव लागली म्हणून सांगू!

प्रश्नकर्ता: आणि पेन्शनसाठी नोव्हेंबरात द्यायचा हयातीचा दाखला?

उत्तर: मोबाइलवर चेहरा दाखवून देता येतो. निघण्याआधी बँकेत विचारून ठेवा.