जुन्या बाईकच्या एअर फिल्टरचं झाकण: पत्रा कोणता, भोकं किती?

किकमास्तर
१९६० च्या दशकातली सिंगल सिलिंडर गाडी, कार्बोरेटरचा बोअर (आतला व्यास) २८ मिमी. मूळ झाकण मिळत नाही. कोन फिल्टर थेट कार्बोरेटरला क्लॅम्पने बसवलाय. त्यावरून फ्रेमच्या त्रिकोणात बसेल असं झाकण करायचंय. ६०६१-टी६ ॲल्युमिनियमचा १.५ मिमी पत्रा हाताशी आहे. चालेल का? आणि हवेला वाट किती ठेवू?

पत्रेवाला
सपाट प्लेट करायची तर चालेल, घड्या घालायच्या तर नको. टी६ कडक असतो, अरुंद घडीत बाहेरच्या अंगाने तडकतो. ५०५२ हे घडीला सोसणारं ॲल्युमिनियम घ्या, जाडी तीच, घडीची आतली त्रिज्या २ मिमी. घडीची रेघ मार्करने मारा, स्क्रायबरने नाही. तडा त्या ओरखड्यातूनच सुरू होतो.

त्याआधी पुठ्ठ्याचा साचा करून गाडीवर चिकटपट्टीने लावा आणि किक पूर्ण खाली दाबून बघा. चोकचा खटका, टिकलर (थंड गाडी सुरू करताना पेट्रोल वर आणायचं बटण) आणि फ्लोट बाऊलचा (कार्बोरेटरच्या पेट्रोलच्या वाटीचा) स्क्रू यांपर्यंत बोटं पोचली पाहिजेत. फिल्टर आणि झाकणात सगळीकडून निदान १२ ते १५ मिमी फट ठेवा.

जेटनीडल
हवेचं गणित सोपं आहे. २८ मिमी बोअरचं क्षेत्रफळ साधारण ६१६ चौ. मिमी. जाळी आणि भोकांच्या कडा हवेला अडवतात, म्हणून दुप्पट धरा, १२३० च्या आसपास. १० मिमीचं एक भोक ७८.५ चौ. मिमी, म्हणजे १६ भोकं. मागची बाजू पूर्ण उघडी राहणार असेल तर ही भोकं निव्वळ शोभेची.

वाट कमी पडली तर मिक्श्चर रिच होतं (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त), प्लगवर काळी काजळी धरते, फुल थ्रॉटलला गाडी गुदमरते. लगेच जेट (पेट्रोल मोजून सोडणारी कार्बोरेटरची नळी) बदलायला धावू नका. झाकण काढून त्याच रस्त्यावर चालवा. फरक पडला तर दोष झाकणाचा.

भोकं पुढच्या बाजूला नकोत, पाऊस थेट आत येतो. खाली किंवा मागे पाडा. तळाशी ५ मिमीचं एक भोक हवंच. टिकलरमधून सांडलेलं पेट्रोल साचून राहता कामा नये.

किकमास्तर
माउंटिंग कार्बोरेटरच्याच स्टडवर घेतलं तर?

पत्रेवाला
अजिबात नको. झाकणाचं वजन आणि थरथर इनटेकच्या जोडावर येते, गॅस्केट सैल पडतं, त्या जोडातून चोरटी हवा शिरते आणि मिक्श्चर लीन होतं (पेट्रोल कमी पडतं). फ्रेमवरून तीन ठिकाणी एम६ बोल्ट घ्या, प्रत्येकाला रबर ग्रोमेट (भोकात बसणारी रबरी कडी) आणि आत स्टीलची बुशिंग (छोटी नळी). बुशिंग नसेल तर बोल्ट आवळताना रबर चेपून जातं आणि थरथर पुन्हा पत्र्यावर. भोकाचं केंद्र कडेपासून १२ मिमी तरी आत ठेवा.

थरावरथर
थ्रीडी प्रिंट करायचा मोह झाला तर पीएलए (प्रिंटरचं नेहमीचं प्लास्टिक) फक्त मापाच्या नमुन्यासाठी. ६० अंशांच्या आसपासच तो मऊ पडतो, आणि बाजूला तापलेलं सिलिंडर आहे.

जेटनीडल
एक राहिलं. स्टेनलेसचे बोल्ट वापरणार असाल तर खाली नायलॉनचे वायसर टाका, नाहीतर ओलाव्यात ॲल्युमिनियम बोल्टभोवती पांढरं पडून खात जातं.