नदीपलीकडचं नवीन पिझ्झा-बार: पोळ्याचे पाहुणे घेऊन जाण्यासारखं आहे का?

देवळीची_सून

राम राम मंडळी. पोळ्याला नणंदबाई सहकुटुंब पुण्याहून येताहेत. पोळा आणि तान्हा पोळा घरीच, पुरणपोळी-वडे सगळं रीतसर होणार. पण एक संध्याकाळ बाहेर जेवायला जायचं असं पुरुष मंडळींनी परस्पर ठरवून टाकलंय. कारण सांगायला नको, आपल्या वर्धा जिल्ह्यात दारूबंदी, इथं जे मिळत नाही ते वर्धा नदी ओलांडली की मिळतं. भाचरांना पिझ्झा हवा, नंदाव्यांना थंड बिअर हवी. सासूबाईंना तुळशीची माळ आहे, तरी त्या म्हणतात, "मले बी पाहू द्या काय रायते थो पिझ्झा."

यवतमाळ जिल्ह्याच्या हद्दीत, हायवे सोडून आत, ते लाल पत्र्याचं नवीन पिझ्झा-बार झालंय ना, दिव्यांच्या माळा लावलेलं, तिथं कोणी जेवलंय का? नेटवर पाच तारे देणारे सगळे मालकाचे दोस्त वाटतात आणि एक तारा देणाऱ्यानं नुसतं "बेकार" लिहून सोडलंय. मला एवढंच पाहिजे: बायका, पोरं, म्हातारं माणूस घेऊन बसता येतं का, पिझ्झा बरा असतो का, आणि आठ जणांचे किती होतील. आठात दोघं लहान आहेत.

तर्रीवाला

ताई, मैद्याची भाकर खायला नदी कायले ओलांडता? पाहुण्यायले पातोडीचा रस्सा करून घाला, पुण्यात कुठी भेटते थो.

देवळीची_सून

भाऊ, रस्सा आहेच हो मेनूत. तो खाऊन झाल्यावरचं विचारतेय.

कळंब_फाटा

मी जातो तिथं अधूनमधून, मालक ना ओळखीचा ना पाळखीचा, त्यामुळे जसं आहे तसं सांगतो.

पिझ्झा चांगला आहे, पण सगळा नाही. कांदा-पनीर आणि मका-ढोबळी मिरचीवाला, हे दोन डोळे झाकून मागवा. पातळ बेस सांगा, जाड सांगितला तर मधे कच्चट राहतो. चीज हात राखून टाकत नाहीत, हे मोठं. सावजी चिकन पिझ्झा म्हणून एक प्रकार आहे, त्याचं नाव इकडच्या पोरांत फार झालंय. एकदा खाऊन पाहायला हरकत नाही, पण लहान पोरांना देऊ नका, मसाला अस्सल आहे आणि तो चीजखाली दबून बसलेला असतो, दुसऱ्या घासाला वर येतो. गार्लिक ब्रेडच्या वाटेला जाऊ नका, बहुतेक वेळा सकाळचाच असतो. पास्ता म्हणजे शेवयांची भाजी.

खरी अडचण ओव्हनची. ओव्हन एक, त्यात एका वेळी दोन पिझ्झे बसतात. तुम्ही आठ जण चार पिझ्झे सांगणार, पहिले दोन आले की पोरं संपवणार, मग पुढच्या दोनची वाट पाहत मोठी माणसं शेंगदाणे खात बसणार. म्हणून गेल्या गेल्या सगळी ऑर्डर एकदम द्या, आधी सूप, मग बघू, असं करू नका. आणि लाईन गेली तर काय हे आधीच विचारून घ्या. जनरेटरवर दिवे-पंखे चालतात, ओव्हन नाही. मागच्या पावसाळ्यात आम्ही लाईनीची वाट पाहत बसलो आणि शेवटी जिरा राइस खाऊन उठलो.

बसायचं म्हणाल तर बांबूची आडभिंत घालून दोन भाग केलेत. फॅमिली बाजूला सात-साडेसातपर्यंत एकदम शांत. त्यानंतर पलीकडे मॅच लागते आणि आवाज भिंतीला जुमानत नाही. धूरही येतो.

निंबोणी

वरच्या दादांनी बाईमाणसाला लागतं ते एकही सांगितलं नाही, म्हणून लिहिते.

बायकांचं टॉयलेट वेगळं आहे आणि स्वच्छ असतं, पण जायची वाट बारच्या बाजूनं आहे. लवकर गेलात तर काही वाटत नाही, उशिरा मलाही एकटीला जावंसं वाटलं नव्हतं. वेटर पोरं मात्र सभ्य आहेत, "ताई", "काकू" म्हणून बोलतात, टेबलाशी घुटमळत नाहीत.

सासूबाईंचं नीट बघा. ओव्हन एकच आणि पिझ्झा कापायचं चाकही एकच, चिकनवालाही त्यानंच कापतात. माझ्या आईचा गुरुवार असतो, मी आधी सांगितलं तर त्यांनी तिचा पिझ्झा पहिल्यांदा लावला आणि धुतलेल्या सुरीनं कापून दिला. सांगितलं तर करतात, आपणहून करत नाहीत. आणि कडा कडक असतात हो, दातांचा त्रास असेल तर काकूंना मधला भाग द्या नि कडा पोरांकडे सरकवा.

हायवेवरून आत वळल्यावरचा रस्ता कच्चा आहे, दिवा नाही. पोळ्याच्या दिवसांत चिखल असणारच. चांगल्या चपला घालून जाऊ नका.

हिंगणघाटचा_पाहुणा

बेकार म्हणणाऱ्याचं मला पटतं. मी दुपारी गेलो होतो, चीज थंड झाल्यावर प्लास्टिकसारखं झालं. वर पाण्याच्या बाटलीवर छापील किमतीपेक्षा जास्त लावले. तक्रार करायला पाहिजे होती.

बेकरीतला

या कामात हात भाजलेत म्हणून दोन शब्द.

बेस तिथंच मळलेला की विकतचा, हे पिझ्झा उलटा करून पाहिलं की कळतं. विकतच्या बेसला खालून टोचल्यासारखी सारखी भोकं असतात, आकार एकदम गोल आणि चव थोडी गोडूस, पावासारखी. हातानं केलेला वेडावाकडा असतो, कडेला फुगे येतात, एखादा फुगा करपतो. तिथं दोन्ही मिळतात, दिवसावर आहे. माझा अंदाज असा की उन्हाळ्यात ते विकतचाच वापरतात. त्यात चोरीचपाटी काही नाही. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 च्या पुढे जातो, ईस्ट घातलेला मैदा बाहेर ठेवला की बघता बघता फुगून आंबतो. फ्रीजमध्ये रात्रभर हळूहळू फुगवायचा तर तेवढा मोठा फ्रीज पाहिजे, आणि तिथला फ्रीज कशानं भरलेला असतो ते तुम्हाला माहीत आहे. पावसाळ्यात बरं जमतं, म्हणजे ताईंची वेळ चांगली आहे.

चीजचं: खरं मोझरेला भट्टीत तपकिरी ठिपके धरतं आणि गरम असताना तार निघते. थंड झालं की तेही चिवट होतंच, त्यावरून नकली ठरवू नका. वनस्पती तेलापासून केलेलं चीजसारखं मिळतं ते स्वस्त पडतं. त्याची तार फारशी निघत नाही आणि टाळूला तेलाचा थर चिकटून राहतो. मी खाल्ला तेव्हा तार निघत होती. दुपारचं मी सांगू शकत नाही, पण दुपारी ओव्हन अर्धवट तापलेला असतो, त्यात टाकलेला पिझ्झा भाजण्याऐवजी वाळतो. अशा ठिकाणी पिझ्झा संध्याकाळीच खावा.

मास्तर_रिटायर

बाटलीच्या किमतीबद्दल. दुकानदाराला छापील किमतीपेक्षा जास्त घेता येत नाही हे बरोबर. पण हॉटेलात बसून पाणी घेतलं तर त्यात जागा, सेवा आली, म्हणून तिथं जास्त घेता येतात, असं सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर 2017 मध्ये सांगितलं आहे. तक्रार करून हाती काही लागलं नसतं. साधं पाणी मागावं, ते फुकट देतात.

पोट्टा_वर्धेचा

मेन मुद्दा कोणी बोलूनच नाई रायलं. येताना दोन थंड बाटल्या डिक्कीत आणता येते का? पाहुणे चार दिवस हाय म्हणते ना ताई 😄

मास्तर_रिटायर

नाही. गंमत म्हणून विचारलं असलं तरी उत्तर नीट घ्या. वर्धा जिल्हा गांधी-विनोबांची भूमी म्हणून सत्तरच्या दशकापासून दारूबंदीत आहे. चंद्रपूरची बंदी 2015 मध्ये आली आणि 2021 मध्ये उठली. आपली आणि गडचिरोलीची कायम आहे. पलीकडे कायदेशीर विकत घेतलेली बाटलीसुद्धा नदीच्या अलीकडे आणली की गुन्हा. पोळ्याच्या आसपास नाकाबंदी असते, पाहुण्यांसमोर शोभा होईल.

दुसरं, जो गाडी चालवेल त्यानं प्यायची नाही. 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं तर पहिल्याच वेळी 10,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. तिसरं, पाहुण्यांत कोणी तरुण असेल तर राज्यात बिअरला वयाची अट 21 आणि व्हिस्की-रमला 25 आहे.

आणि ते दुकान आत चिखलात का, असं निंबोणीताईंना वाटलं असेल. महामार्गापासून 500 मीटरच्या आत दारूविक्री नको असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश डिसेंबर 2016 चा, पुढे वीस हजारांपर्यंत वस्ती असलेल्या ठिकाणी ते अंतर 220 मीटर झालं. तेव्हापासून आपल्या भागात बरीच दुकानं अशी मागं सरकली.

पोट्टा_वर्धेचा

मास्तर, तुम्ही तर पेपरच सोडवला. मंग रेल्वेनं जा ना राजेहो. 2024 मध्ये वर्धा-कळंब गाडी चालू झाली तवा आमच्या ग्रुपवर पयला जोक हाच होता, कोरड्या जिल्ह्यातून ओल्या जिल्ह्यात थेट सेवा.

तर्रीवाला

😂😂 चिंतामणीच्या दर्शनाले चाललो म्हणून सांगायचं घरी.

देवळीची_सून

घरी आम्हीही वाचतो हे ध्यानात असू द्या.

सगळ्यांचे आभार, खरंच कामाचं मिळालं. आता दोन प्रश्न राहिले. खर्चाचं कोणी बोललं नाही. आणि दिवस कोणता? आमचे हे म्हणतात पोळ्याच्या करीला, म्हणजे दुसऱ्या दिवशी जाऊ, त्या दिवशी वावराची कामंही नसतात.

कळंब_फाटा

करीला अजिबात नको! महिनाभर श्रावण पाळलेला सगळा तालुका त्या दिवशी सुटतो. मटणाच्या दुकानापुढे सकाळपासून रांग आणि संध्याकाळी बारमध्ये उभं राहायला जागा नसते. फॅमिली बाजूच्या खुर्च्यासुद्धा उचलून पलीकडे नेतात, मी पाहिलंय. त्या दिवशी तिथं पिझ्झा मागणं म्हणजे लग्नाच्या पंगतीत डाएट सांगणं.

खर्च: चार मध्यम पिझ्झे, पोरांना फ्राइज, कोल्ड्रिंक, सगळं मिळून दीड हजाराच्या आसपास, त्यावर 5 टक्के जीएसटी. बिअरचं वेगळं धरा. दुकानापेक्षा महाग पडते, आणि दारूवर जीएसटी नसतो, तिचा व्हॅट निराळा, म्हणून बिलात दोन तुकडे दिसतील, घाबरू नका. सर्व्हिस चार्ज लावला तर काढून द्या म्हणायचं, तो देणं ऐच्छिक आहे. माझ्या बिलात एकदा आला होता, सांगितल्यावर काही न बोलता काढला.

निंबोणी

ताई, करीच्या ऐवजी पोळ्याच्या आधीच उरका. श्रावणात बारची बाजू रिकामी असते, निम्मे लोक पाळतात. धूर नाही, आवाज नाही, टॉयलेटची वाट मोकळी. चिकनही कमी जातं, म्हणजे तुमच्या सासूबाईंचाही प्रश्न निम्मा सुटला.

कळंब_फाटा

हे मला सुचायला पाहिजे होतं. एकदम बरोबर.

बेकरीतला

फक्त पोळ्याची आदली संध्याकाळ धरू नका, खांदशेकणी असते. बैलांच्या खांद्याला तूप-हळद लावायची सोडून पिझ्झा खायला गेले तर घरचा सालदार वर्षभर बोलून दाखवेल.

देवळीची_सून

आमच्याकडे सालदार बोलायच्या आधी सासरे बोलतील. पाहुणे दोन दिवस आधी पोचताहेत, तर पोचले त्याच संध्याकाळी जाऊ. साडेसहाला टेबलावर, ऑर्डर एकदम, दोन कांदा-पनीर, दोन मका, पातळ बेस, सासूबाईंचा पहिला आणि धुतलेल्या सुरीनं. गार्लिक ब्रेड नाही. नंदावे श्रावण पाळत नाहीत, त्यांना बिअर मिळेल. आमचे हे दरवर्षी श्रावण पाळतात आणि यंदा "पाहुणे आलेत, एक दिवस चालते" म्हणत होते. तर यंदाही पूर्ण पाळतील, कारण गाडी तेच चालवणार.

तर्रीवाला

भाऊले सांगितलं का हे?

देवळीची_सून

टेबल बुक झालं की सांगते. कोणाकडे तिथला फोन नंबर असेल तर इथे टाकू नका, मला वेगळा पाठवा.