मदत हवी आहे: टीव्हीवरचं रेकॉर्ड करायला घरी कोणता बॉक्स घ्यावा? (पुणे)

नमस्कार मंडळी,

टीव्हीवरचे कार्यक्रम रेकॉर्ड करायला घरात एक भरवशाचा बॉक्स हवाय. सध्या डीटीएच कंपनीचाच, आत ५०० जीबीची हार्ड डिस्क असलेला एचडी रेकॉर्डर आहे, बरीच वर्षं उत्तम चालला, पण गेल्या पावसाळ्यापासून डिस्क टकटक वाजायला लागलीय, रेकॉर्डिंग मधेच चौकोन चौकोन होऊन अडकतं आणि टायमर लावलेला असूनही कधी कधी सकाळी बघावं तर लिस्टमध्ये काहीच नाही. कस्टमर केअरला फोन केला तर म्हणे हे मॉडेल आता येत नाही, नवीन अँड्रॉइड बॉक्स घ्या, त्यात ओटीटी सगळं आहे. रेकॉर्डिंगचं विचारलं की पलीकडचा माणूस परत ओटीटीवरच येतो.

आधीच सांगते, "आता कोण रेकॉर्ड करतंय, ॲपवर मिळतं की सगळं" हे उत्तर आमच्या कामाचं नाही. आईचं वय झालंय, ती सह्याद्रीवरचं शास्त्रीय गायन, कीर्तन, मुलाखती हे सगळं साठवून ठेवते आणि दुपारी जेवणं आवरली की निवांत लावते. यातलं पुष्कळसं नंतर शोधायला गेलं तर सापडत नाही. एखादी तान परत ऐकायची असली की रिमोटनं मागे घेते, आवडली की परत मागे घेते. रिमोटवरची तीनच बटणं तिला लागतात, लिस्ट, ओके आणि मागे. तिला फोनवर ॲप उघडून, लॉगिन करून, जाहिरात संपायची वाट बघून हे करायला लावणं मला पटत नाही. शिवाय त्या जुन्या डिस्कवर तिच्या गाण्याच्या बाईंचा एक कार्यक्रम आहे. बाई आता नाहीत. तो गेला तर दुसरीकडून कुठून आणणार?

म्हणून माझ्यासाठी भरवशाचा याचा अर्थ असा की टायमर चुकता कामा नये, लाईट जाऊन आली तरी बॉक्सनं आपलं आपण सावरायला हवं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे उद्या बॉक्स मेला तरी रेकॉर्डिंग आपल्याकडे राहायला हवं. डीटीएचच्या बॉक्समध्ये इथेच गाडी अडते, कारण ते रेकॉर्डिंग एनक्रिप्ट करून, म्हणजे सांकेतिक कुलूप लावून ठेवतात आणि ते त्याच बॉक्सला बांधलेलं असतं, डिस्क काढून कॉम्प्युटरला लावली तर काहीही दिसत नाही, आणि बॉक्स बदलून घेतला की जुनं सगळं त्याच्याबरोबर गेलं. बॉक्ससुद्धा एका कंपनीचा दुसरीकडे चालत नाही. ट्रायनं, म्हणजे दूरसंचार नियामकानं, २०२० मध्ये शिफारस केली होती की सेट टॉप बॉक्स कुठल्याही कंपनीबरोबर चालायला हवेत, पण आपल्या घरात आलेल्या बॉक्सला त्याचा काही उपयोग झालेला नाही.

आतापर्यंत जे वाचलं, तापकीर गल्लीत (इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात) जाऊन जे विचारलं, त्यावरून मला तीन रस्ते दिसतायत.

पहिला म्हणजे आहे त्याच कंपनीचा, यूएसबीवर रेकॉर्ड करणारा नवीन बॉक्स आणि त्याला बाहेरून डिस्क. सोपा आहे, आईला रिमोटही ओळखीचा वाटेल, पण वरची कुलपाची अडचण तशीच राहते, म्हणून मन घेत नाही.

दुसरा रस्ता दूरदर्शनच्या फ्री डिशचा. २००४ च्या डिसेंबरात डीडी डायरेक्ट प्लस म्हणून सुरू झालं तेच हे, दर महिन्याचे पैसे नाहीत आणि सह्याद्री त्यावर आहे, आमची निम्म्याहून जास्त गरज तिथेच भागते. याचे बॉक्स बाजारात सुटे मिळतात आणि बऱ्याच बॉक्सना यूएसबी रेकॉर्डिंग असतं. काही चॅनेल एमपेग-२ या जुन्या तर काही एमपेग-४ या नव्या व्हिडिओ पद्धतीत येतात म्हणून एमपेग-४ वालाच घ्यायचा एवढं नक्की केलंय. प्रश्न असा की यातला कुठला बॉक्स साध्या, कुलूप नसलेल्या टीएस (व्हिडिओ) फाईलमध्ये रेकॉर्ड करतो, जी नंतर लॅपटॉपवर व्हीएलसी प्लेयरमध्ये चालेल? दुकानदार म्हणतात "चालतं ताई, सगळं चालतं", पण दुकानात लावून दाखवायला कोणी तयार होत नाही. ज्यांच्या घरी खरंच चाललंय त्यांनी प्लीज मॉडेल सांगा.

तिसरा रस्ता म्हणजे डीव्हीबी-एस२ चा यूएसबी ट्यूनर (डिशचा सिग्नल कॉम्प्युटरला देणारं यंत्र), एक रास्पबेरी पाय (तळहाताएवढा कॉम्प्युटर) किंवा जुना छोटा पीसी, आणि त्यावर टीव्हीहेडएंड हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर. भाचा आयटीत आहे, तो म्हणतो मी करून देतो, रेकॉर्डिंग साध्या फाईलमध्ये पडतं, दोन ट्यूनर लावले की एक बघता बघता दुसरं रेकॉर्ड होतं. पण तो राहतो हिंजवडीला आणि आम्ही कोथरूडला, मधेच काही अडलं तर त्याला बोलवायचं कसं, आणि आईला तीन बटणांत हे सगळं बसवता येईल का, हे ज्यांनी वयस्कर माणसांसाठी केलंय त्यांच्याकडून ऐकायचंय.

दोन ट्यूनरबद्दल एक समजून घ्यायचंय. एकाच केबलला स्प्लिटर लावून दोन ट्यूनर चालतील असं एका केबलवाल्यानं सांगितलं. पण माझ्या वाचनात असं आलं की बॉक्स एलएनबीला (डिशसमोरचा, सिग्नल पकडणारा भाग) १३ व्होल्ट देतो तेव्हा उभ्या पोलरायझेशनचे, म्हणजे उभ्या लहरींवरचे चॅनेल मिळतात आणि १८ व्होल्ट दिले की आडव्या, म्हणजे एका वेळी एका केबलवरून एकच मिळणार. मग दोन्ही ट्यूनर स्वतंत्र चालायचे तर दोन आउटपुटचा एलएनबी आणि गच्चीवरून दोन केबल, बरोबर ना? आमच्या सोसायटीत नवीन केबल खाली सोडायची तर सेक्रेटरींची परवानगी लागते, त्यामुळे एकदाच काय ते विचारावं म्हणते.

डिशच्या जागेचंही आहेच. फ्री डिशचा उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला, म्हणजे पुण्यातून साधारण आग्नेयेला आणि क्षितिजापासून जवळजवळ ५९ अंश वर. आमच्या त्याच बाजूला जुनी बिल्डिंग पाडून टॉवर उभा राहतोय. भाच्यानं हिशोब केला की समोरची बिल्डिंग आपल्या डिशपासून जितकी लांब, त्या अंतराच्या दीडपटीहून जास्त डिशच्या वर उंच गेली तरच अडचण, त्यामुळे गच्चीच्या कडेला न लावता मागे पाण्याच्या टाकीजवळ लावायचा विचार आहे. तिथे पावसाळ्यात चढून कोणी बघणार नाही म्हणून स्टँड पक्का हवा. जोराच्या पावसात सिग्नल जातो तो जातोच, केयू बँडला (डिश टीव्हीच्या लहरींचा पट्टा) त्यावर फारसा इलाज नाही, पण डिश थोडी मोठी घेतली तर फरक पडतो का?

डिस्कबद्दल: एसडी चॅनेलला तासाला साधारण २ जीबी आणि एचडीला साडेतीन-चार जीबी धरले तर १ टीबी आम्हाला भरपूर झाली. पेन ड्राइव्ह नको, टाइमशिफ्ट (चालू कार्यक्रम थांबवून मागे घेण्याची सोय) चालू असलं की सारखं लिहून लिहून तो लवकर खराब होतो. बॉक्सचा यूएसबी २.० पोर्ट ५०० मिलीअँपियरच देतो, तेवढ्यावर पोर्टेबल डिस्क कधी उठते कधी नाही, मग वेगळ्या पॉवरचा हब घ्यावा की एसएसडीच (फिरते भाग नसलेली डिस्क) लावावा? आणि डिस्क फॅट३२ पद्धतीनं फॉरमॅट केलेली असली तर ४ जीबीच्या वर फाईल जात नाही, मोठी मैफल दोन तुकड्यांत पडली तर मधली काही सेकंदं उडतात का?

शेवटचं लाईटचं. आमच्याकडे गुरुवारी मेंटेनन्सला लाईट जाते, एरवीही पाच-दहा मिनिटं जाते. बॅटरी नसलेल्या बॉक्सचं घड्याळ पुसलं जातं आणि सिग्नल परत मिळेपर्यंत त्याला वेळच कळत नाही, तोवर टायमर हुकतो. राउटरला लावतात तो १२ व्होल्टचा छोटा यूपीएस बॉक्सला लावून कोणी वापरतंय का, डिस्कसकट तो किती वेळ टिकतो?

अपडेट: प्रतिसाद देणाऱ्या सगळ्यांचे मनापासून आभार. जुन्या बॉक्सबद्दल तुमच्यापैकी दोघांनी सांगितलं तसं केलं. एचडीएमआयवरून काही मिळालं नाही, एचडीसीपी या कॉपीविरोधी कुलपामुळे कॅप्चर कार्डवर (टीव्हीचं चित्र लॅपटॉपवर उतरवणारं यंत्र) नुसता काळा पडदा. मग मागची पिवळी-लाल-पांढरी एव्ही वायर यूएसबी कॅप्चरला लावली आणि बाईंचा कार्यक्रम लॅपटॉपवर उतरायला लागला. जेवढा कार्यक्रम तेवढाच वेळ लागतो, चित्र एसडी येतं, पण आवाज स्वच्छ आहे. डिस्क मधे एकदा अडकली तेव्हा पॉज करून थोडं थांबून परत प्ले केलं, तेवढा जोड राहिलाय. त्याच्या दोन कॉपी दोन वेगळ्या ड्राइव्हवर ठेवल्यात. आता बाकीच्या लिस्टमधलं काय काय उतरवायचं ते आई वहीत लिहून काढतेय.

नव्या बॉक्ससाठी फ्री डिश अधिक टीव्हीहेडएंड असं ठरत आलंय, एलएनबी दोन आउटपुटचाच. आता मुख्य अडलंय ते रिमोटचं. रास्पबेरी पायला साधा, मोठ्या बटणांचा रिमोट लावून चालू केल्या केल्या थेट रेकॉर्डिंगची लिस्टच उघडेल असं कोणी केलंय का? केलं असेल तर कसं ते जरा सविस्तर लिहा, आणि पुण्यात असाल आणि प्रत्यक्ष बघू देणार असाल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मी आईला घेऊन येईन, तिनं स्वतः हाताळून बघितलेलं बरं.