मदत हवी आहे: इमारतीच्या ग्रुपवर फसवं ॲप फिरतंय, तक्रार कुठे करायची?

केतकी_म
नमस्कार. घाईत लिहितेय. आमच्या इमारतीच्या ग्रुपवर बरेच दिवस एक लिंक फिरतेय. ॲप घ्यायचं, पैसे भरायचे, रोज व्हिडिओ लाईक करायचे, की संध्याकाळी पैसे जमा. फसवणूक आहे हे मला दिसतंय, पण निम्म्या घरांनी पैसे टाकलेत. मी काही बोलले की "तुला नको तर तू भरू नकोस" म्हणतात. सरकारी पोर्टलवर तक्रार करायला बसले तर ते विचारतंय रक्कम किती गेली, व्यवहार क्रमांक काय, बँक कोणती. माझे पैसे गेलेलेच नाहीत! मग मला तक्रार करताच येणार नाही का? रविवारी सभा आहे, त्याआधी काहीतरी व्हायला हवं. "सावध राहा", "लोभ वाईट" वगैरे कृपया नको. कुठे आणि काय भरायचं तेवढंच सांगा.

राघू
१९३० ला फोन लावा, सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन आहे.

केतकी_म
लावून काय सांगू? पैसे गेले नाहीत असं वर लिहिलंय.

निवृत्त_बँकवाला
ताई, चार गोष्टी कळल्याशिवाय नीट सांगता येणार नाही. ॲप प्ले स्टोअरवरचं आहे की लिंकवरून येणारी एपीके फाईल? पैसे कंपनीच्या खात्यात जातात की कुणा माणसाच्या? लिंक ग्रुपवर पहिल्यांदा कुणी टाकली? आणि भरलेले पैसे काढता न आलेलं कुणी आहे का?

केतकी_म
याने काय फरक पडतो कळत नाही, पण सांगते. एपीके आहे. यूपीआयने जातात, दर वेळी वेगळं नाव, साध्या माणसांची नावं असतात. लिंक दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी टाकली, नवीन माणूस जोडला की त्यांना कमिशन मिळतं. काढता न आलेलं म्हणजे तळमजल्यावरच्या आजोबांना "आधी टॅक्स भरा, मग रक्कम सुटेल" असं येत होतं. तो त्यांनी काल संध्याकाळी भरला. आता ॲप उघडतच नाहीये त्यांचं.

वसुधा_
अहो, ही तर सगळ्यात आधी सांगायची गोष्ट! आजोबांची फसवणूक झालेली आहे. सभेचं नंतर बघा. त्यांना शेजारी बसवून आत्ता १९३० लावा.

निवृत्त_बँकवाला
वसुधाताई म्हणतात तेच. घाई का, ते सांगतो. १९३० वर व्यवहाराचा तपशील नोंदला की ती माहिती पैसे ज्या बँकेत गेले तिथे पोचते. रक्कम तिथे असेल तर रोखून धरतात. पुढे गेली असेल तर पुढच्या बँकेला कळवतात, तिथून आणखी पुढच्या. ही मंडळी एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून पाच खात्यांत रक्कम फोडत नेतात आणि शेवटी एटीएममधून काढून घेतात. एकदा नोटा हातात गेल्या की रोखण्यासारखं काही उरत नाही. म्हणून कालचा व्यवहार आधी नोंदवा, जुने नंतर.

हाताशी ठेवा: आजोबांचा बँकेत नोंदलेला मोबाईल, खाते क्रमांक, प्रत्येक व्यवहाराचा यूटीआर क्रमांक (बँक प्रत्येक व्यवहाराला देते तो), तारीख, रक्कम, समोरचा यूपीआय आयडी. फोनवर नोंद झाली की पोचक्रमांक येतो. तो घेऊन सायबरक्राईम डॉट जीओव्ही डॉट इन वर उरलेली तक्रार २४ तासांत पूर्ण करायची असते. बरेच जण फोन करून थांबतात आणि तक्रार अर्धवट राहते.

राघू
एवढी धावपळ कशाला? रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम आहे, तीन दिवसांत कळवलं की बँकेला पूर्ण रक्कम परत द्यावीच लागते. माझ्या चुलतभावाला मिळाली. बँकेत जाऊन भांडा.

निवृत्त_बँकवाला
राघू, नियम खरा आहे, ६ जुलै २०१७ चं परिपत्रक. पण तो खातेदाराच्या संमतीशिवाय झालेल्या व्यवहारांसाठी आहे. बाहेरच्या कुणी परस्पर पैसे काढले आणि ग्राहकाची चूक नसताना त्याने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर त्याच्यावर भार नाही. आजोबांनी स्वतः पिन टाकून पैसे पाठवलेत. फसवून पाठवायला लावले हे खरं, पण बँकेच्या लेखी तो व्यवहार त्यांनीच केलेला. तुमच्या भावाचं काय झालं होतं?

राघू
परदेशी साइटवर कार्ड वापरलं गेलं होतं, ओटीपीही आला नव्हता. तरी माझं म्हणणं, बँकेत लेखी अर्ज द्यायला काय हरकत आहे?

निवृत्त_बँकवाला
हरकत काहीच नाही, द्यावाच, आणि शिक्क्यानिशी पोच घ्यावी. फक्त आजोबांना "पूर्ण मिळणार" असं सांगू नका. एकदा मन मोडलेल्या माणसाला दुसऱ्यांदा मोडायला लावू नये.

सह्यकडा
१९३० वर माझा विश्वास नाही. माझ्या मामांच्या वेळी पोचक्रमांक आला आणि पुढे काहीच नाही. सरळ पोलीस ठाण्यात जा, एफआयआर नोंदवायला लावा. हद्द आमची नाही असं म्हणू देऊ नका, नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये हद्दीबाहेरचीही तक्रार घ्यायची तरतूद आहे.

वसुधा_
मामांनी फोन किती वेळाने केला होता?

सह्यकडा
आठवड्याने. घरात सांगायला लाजत होते.

वसुधा_
मग दोष फोनचा कसा म्हणायचा? ठाण्यात जायलाच हवं, पण तिथे बाकावर बसून वाट बघण्यात पहिले तास घालवायचे नाहीत. आधी फोन, मग ठाणं.

मीनल_जी
सगळ्यांनी एम-आधार ॲपमध्ये जाऊन बायोमेट्रिक लॉक करून ठेवा. बोटाच्या ठशावर पैसे काढतात हल्ली. माझ्या आईला मागे व्हिडिओ कॉल आला होता, गणवेशातला माणूस, "तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे, कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही". आई दुपारभर खुर्चीवर बसून होती, पाणी प्यायलाही उठली नाही. कायद्यात अशी अटकच नाही, कुठलाही पोलीस व्हिडिओ कॉलवर चौकशी करून पैसे मागत नाही, हे तिला आधी कुणी सांगितलं असतं तर! तुमच्या सभेत हेही नक्की सांगा.

केतकी_म
मीनलताई, आईंचं वाचून वाईट वाटलं. पण इथे ठसा किंवा कॉल नाहीये. आजोबांची नात आलीय, १९३० लागला, नोंद झाली, पोचक्रमांक मिळाला. आता माझा मूळ प्रश्न तसाच आहे. ज्यांचे पैसे अजून "वाढतायत" ते तक्रार करणार नाहीत. मी काय करू शकते?

अनामिक_वकील
तुम्हाला तीन दारं आहेत. त्याच पोर्टलवर "रिपोर्ट अँड चेक सस्पेक्ट" भाग आहे. तिथे आर्थिक नुकसान न होताही संशयित संकेतस्थळ, फोन किंवा व्हॉट्सॲप क्रमांक, टेलिग्राम खातं नोंदवता येतं. दुसरं, दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवरचं "चक्षू". मार्च २०२४ मध्ये सुरू झालं. फसवे कॉल, एसएमएस, व्हॉट्सॲप संदेश तिथे कळवायचे. पैसे गेलेले असतील तर मात्र चक्षू नाही, १९३०. तिसरं, बेकायदा ठेवी गोळा करणाऱ्यांसाठी रिझर्व्ह बँकेचं "सचेत" पोर्टल. तुम्ही पहिल्या दोन ठिकाणी आजच नोंद करा.

आणि त्या वहिनींना शांतपणे सांगा. माणसं जोडून कमिशन देणाऱ्या योजनांवर १९७८ च्या कायद्याने बंदी आहे, आणि त्यात इतरांना सभासद करून घेणं हाही गुन्हा धरलाय.

सह्यकडा
शांतपणे कशाला? सभेत सगळ्यांसमोर विचारा त्यांना. आजोबांच्या पैशावर कमिशन खाल्लंय.

अनामिक_वकील
त्यांचेही पैसे त्यात असणार. चारचौघांत आरोपी केलंत तर त्या ग्रुपमधले सगळे मेसेज पुसतील आणि पुरावा जाईल. एकट्यात भेटा, तक्रारीत साक्षीदार म्हणून या असं सांगा. केतकीताई, ॲडमिननी लिंक काढून टाकली नाही ना?

केतकी_म
मीच काढायला सांगणार होते. अजून आहे.

अनामिक_वकील
थांबवा त्यांना. आधी तारीख-वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट आणि ग्रुपच्या गप्पांची निर्यात (एक्सपोर्ट चॅट) फाईल घ्या. मग पुसा.

निवृत्त_बँकवाला
सभेत भाषण करू नका. "आज सगळी रक्कम काढून दाखवा" एवढंच म्हणा. हे लोक थोडी रक्कम सुखाने काढू देतात, विश्वास बसावा म्हणून. पूर्ण काढायला गेलं की टॅक्स, फी, "खातं अपग्रेड करा" सुरू होतं. स्वतःचे पैसे मिळवायला आधी पैसे भरायला लावणारी जागा खरी नसते, हे मग कुणालाही पटतं.

वसुधा_
काका, याला माझा विरोध आहे. त्या ॲपमधून जे पैसे येतात ते दुसऱ्या कुणा फसलेल्याच्या खात्यातून आलेले असतात. त्याने तक्रार केली की माग काढत बँक यांचंच खातं गोठवते. आमच्या ओळखीत एकीच्या खात्यातला पगार असाच अडकला, कुठल्या दुसऱ्याच राज्यातल्या तक्रारीवरून. आणखी पैसे खात्यात घ्यायला लावू नका.

निवृत्त_बँकवाला
मुद्दा बरोबर आहे, तो धोका आहेच. मग प्रयोग नको. त्याऐवजी हेच सांगा की आलेला परतावा तुमचा नाही, आणि त्यापायी खातं गोठू शकतं. पैसे जाण्याच्या भीतीपेक्षा हे लवकर पोचेल, कारण त्यांना वाटतंय की त्यांचा फायदा झालाय. पोर्टलवर समोरचे यूपीआय आयडी टाकून सगळ्यांना दाखवता येतील. पण एखादा यादीत सापडला नाही तर तो स्वच्छ आहे असं नाही, फक्त अजून कुणी नोंदवलेला नाही.

आणि एपीके ज्यांच्या फोनवर आहे त्यांनी स्क्रीनशॉट घेऊन ती काढावी, यूपीआय पिन आणि नेटबँकिंगचा पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदलावा. असल्या ॲपला एसएमएस वाचायची परवानगी दिली असेल तर ओटीपीही त्यांना दिसतात.

केतकी_म
नोंद केली दोन्हीकडे. वहिनींना भेटले. आधी चिडल्या, मग रडल्या, त्यांचे आजोबांपेक्षा जास्त अडकलेत. त्याही आजच फोन करतायत. सभेत आजोबा स्वतः बोलायला तयार आहेत. फक्त त्यांचा मुलगा "नाव खराब होईल" म्हणून नको म्हणतोय, त्याला काय सांगू?

वसुधा_
त्याला सह्यकड्याच्या मामांचं सांगा. लाजेपायी आठवडा गेला आणि रक्कमही गेली. आजोबांनी दुसऱ्या दिवशी फोन केला, यात लाजण्यासारखं काय आहे?

मीनल_जी
आधार लॉक करताना ओटीपी येत नसेल तर नोंदलेला मोबाईल जुना असतो, आधी तो बदलून घ्या. कुणाला अडचण आली तर विचारा, मी पाच जणांचं करून दिलंय.