मदत हवी आहे: कोरियन मैत्रिणीच्या छुसॉकसाठी सोंगप्यन

कोरियाचा छुसॉक हा सुगीचा सण चांद्र पंचांगातील आठव्या महिन्याच्या पंधराव्या दिवशी येतो; 2026 मध्ये तो 25 सप्टेंबरला असून, चीन आणि व्हिएतनाममधील मैत्रिणींचा चंद्रोत्सवही त्याच दिवशी असल्यामुळे आम्ही सर्वजणी परदेशातील या वसतिगृहात एकत्र जेवणार आहोत. कोरियन मैत्रिणीला घरची फार आठवण येते, म्हणून सोंगप्यन, म्हणजे या सणाला करतात ते तांदळाच्या पिठाचे सारण भरलेले छोटे गोड पदार्थ, नीटच व्हायला हवेत. तांदूळ भिजवून दळलेल्या पिठात तीळ आणि मध भरून ते पाइनच्या पानांवर वाफवतात. आमच्याकडे मात्र कोरडे पीठ आहे. त्यात उकळते पाणी किती घालावे, आणि पाने न मिळाल्यास खाली काय अंथरावे? सकाळी ती पूर्वजांसाठी छार्ये विधी करणार आहे. त्या वेळी आम्ही उपस्थित राहणे योग्य ठरेल का, हेही जाणकारांनी कृपया सांगावे.